पत्त्यांची जादू व तिचें निरूपण

शाळेच्या स्नेहसंमेलनांत नाट्यप्रवेश, गायन, नकला हे कार्यक्रम ठरलेले असतात, आणि त्यांच्या मध्यें कोठें तरी पत्त्यांचे खेळ करून दाखविणारा एखादा विद्यार्थी उभा राहतो. त्याची तयारी कमी पडते असें म्हणतां येणार नाहीं. उलट, त्या सायंकाळीं व्यासपीठावर येणाऱ्या सर्व मंडळींत बहुधा त्यानेंच अधिक कष्ट घेतलेले असतात. नाटकांतील मुलानें आपलीं भाषणें महिनाभर पाठ केलीं असतील. ह्यानें एकच पत्ता एका विशिष्ट रीतीनें उचलण्यांत सबंध वर्ष घालविलेलें असतें. पूर्वीं जी युक्ति एखाद्या गुरूच्या मागें हिंडून मोठ्या मिनतवारीनें मिळत असे, ती हल्लीं चित्रफिती पाहून घरबसल्या शिकतां येते. असें असूनहि खेळ पाहून परत जाणारे लोक “बरा हात चालतो” एवढेंच म्हणतात, आणि नकला करणाऱ्या मुलाची मात्र वर्षभर आठवण काढतात. हें असें कां व्हावें, ह्याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

सामान्य समजूत अशी आहे कीं, हाताच्या कामास तोंडाची जोड नसल्यामुळें खेळ नीरस होतो. म्हणून त्यांत चार विनोद घालावे, एखादी गोष्ट चिकटवावी, म्हणजे झालें. आम्हांस हें पटत नाहीं. पत्त्यांचे खेळ करणारे विद्यार्थी मुके नसतात. ते फार बोलतात. “हा पत्ता मी घेतों, हा मी मध्यें ठेवतों, आतां मी चुटकी वाजवितों,” असें त्यांचें चाललेलें असतें; आणि हें सर्व तर लोकांस डोळ्यांनीं दिसतच असतें. दिसणारी गोष्ट पुन्हां कानांत सांगितल्यानें तिच्यांत भर कांहीं पडत नाहीं. मग ह्या हजेरीच्या मध्यें कोठून तरी ऐकलेला एखादा विनोद येतो. लोक हंसतात, पण तेवढ्यापुरते पत्त्यांस विसरतात. आणि विनोद संपल्यावर पत्त्यांकडे परत येण्यास त्यांच्यापाशीं कांहीं कारण उरलेलें नसतें. उणीव आहे ती बोलण्याची नव्हे, कारणाची आहे. हा पत्ता वर आला काय आणि खालीं राहिला काय, आम्हां पाहणारांस त्याचें काय? ह्या प्रश्नाचें उत्तर ज्या निरूपणांत नाहीं तें कितीहि गोड असो, व्यर्थ होय.

उदाहरणादाखल आम्ही एकच खेळ घेतों. प्रेक्षकानें निवडलेला पत्ता जोडाच्या मधोमध घातला जातो, आणि सर्वांत वरचा पत्ता उलटून पाहावा तों तोच! पुन्हां मध्यें घालावा, पुन्हां वर. महत्त्वाकांक्षी पत्ता, अशा अर्थाचें नांव ह्या खेळास इंग्रजींत आहे. एकोणिसाव्या शतकापासून युरोपांतील जादूगार तो करीत आले आहेत, आणि पत्त्यांची जादू करणारा असा मनुष्य आज क्वचितच सांपडेल कीं ज्यानें तो कधीं केलाच नाहीं. तो कसा करतात हें आम्ही येथें लिहिणार नाहीं. ज्यांस शिकावयाचें आहे त्यांस तें इतरत्र मिळेल, आणि ज्यांस नुसतें पाहावयाचें आहे त्यांच्या आनंदावर विरजण घालण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.

ह्या खेळाचा मोठा गुण हा कीं, त्याचें कथानक एका वाक्याचें आहे. खेळ पाहून घरीं गेलेलें सहा वर्षांचें मूल तें आपल्या आजीस सांगूं शकतें. पत्त्यांच्या कित्येक खेळांत कोणता पत्ता कोठें होता, किती मोजले, कोणता ढीग कोणाचा, ह्याचा हिशेब ठेवतां ठेवतांच प्रेक्षक थकून जातो. येथें तसें कांहीं नाहीं. पण त्याचा दोषहि त्याच गुणांतून निघतो. एका वाक्याचें कथानक असल्यामुळें त्याला पुढें जावयास जागा नाहीं आणि थांबावयास ठिकाण नाहीं. पहिल्यानें पत्ता वर येतो तेव्हां आश्चर्य वाटतें, दुसऱ्यानें येतो तेव्हां टाळ्या पडतात, तिसऱ्यानें लोक एकमेकांकडे पाहतात, आणि पांचव्या खेपेस मागच्या बांकावर गप्पा सुरू होतात. करणाऱ्यास मात्र पांच निरनिराळ्या युक्त्या येत असतात व त्या पांचहि दाखविल्यावांचून त्याच्यानें राहवत नाहीं.

आणि तरीहि ह्याच खेळानें एकदां एका थोर जादूगारास निरुत्तर केलें. हॅरी हूडिनी (१८७४–१९२६) हा साखळदंडांतून व कुलपांतून सुटण्याबद्दल जगभर गाजला, परंतु आरंभीं तो स्वतःस पत्त्यांचा राजा म्हणवीत असे. कोणताहि खेळ आपणांस तीन वेळां दाखवा, तो कसा केला हें आपण सांगूं, अशी त्याची प्रौढी होती. १९२२ सालीं शिकागो शहरीं डाय व्हर्नन नांवाच्या, कॅनडांत जन्मलेल्या एका तरुणानें हूडिनीकडून पत्त्यावर त्याच्याच नांवाचीं आद्याक्षरें लिहवून घेतलीं, तो पत्ता जोडांत घातला आणि वर आणून दाखविला. तीन वेळां झालें, चार वेळां झालें, त्याहूनहि अधिक वेळां झालें. हूडिनीस उलगडा होईना. व्हर्नन पुढें १९९२ पर्यंत, म्हणजे अठ्ठ्याण्णव वर्षें जगला, आणि पत्त्यांच्या कलेंत त्यानें केलेलें कार्य फार मोठें आहे; तरी ज्यानें हूडिनीस फसविलें तो हा मनुष्य, ही त्याची ओळख अखेरपर्यंत पुसली गेली नाहीं.

पांचव्या खेपेस जांभई यावी असा जो खेळ, तो त्या दिवशीं कंटाळवाणा कां झाला नाहीं? तेथें विनोद नव्हता, गोष्ट नव्हती. पण प्रत्येक खेपेस कांहीं तरी पणास लागलेलें होतें. तीन हा आंकडा हूडिनीनें आपल्या तोंडानें सांगून ठेविला होता, आणि म्हणून चौथी खेप ही केवळ चौथी खेप राहिली नाहीं. व्हर्ननला निरूपण रचावेंच लागलें नाहीं. प्रतिपक्षानें आपल्या प्रौढीनें तें आधींच रचून ठेविलें होतें.

ह्यावरून कोणी असा बोध घेईल कीं, आपणहि उभें राहून “ओळखा पाहूं!” म्हणून ललकारी द्यावी. तसें करणारे पुष्कळ आहेत, व तेंच आमच्या मतें चुकतें. व्हर्ननसमोर त्या कलेंतील नामांकित मनुष्य होता. आपल्या विद्यार्थ्यासमोर कोण असतो? त्याचे गुरुजन, सोबत्यांच्या आया, पहिल्या रांगेंत सतरंजीवर बसलेलीं लहान मुलें. त्यांनीं कसलीच प्रौढी मिरविलेली नसते. त्यांस हरवून मिळवावयाचें काय? एका संमेलनांत आम्हीं असें पाहिलें कीं, जादू करणाऱ्या थोरल्या मुलानें इयत्ता पांचवींतील एका लाजाळू मुलास वर बोलाविलें, आणि तो पत्ता ओळखूं शकला नाहीं कीं प्रत्येक वेळीं त्याच्या डोक्यावर जोडानें टपली मारून “डोळे घरीं ठेवून आलास काय?” असें विचारलें. सभागृह खदखदां हंसलें. तो मुलगा खालीं उतरला तेव्हां त्याचे कान लाल झाले होते, आणि पुढचा सबंध कार्यक्रम तो मान खालीं घालून बसला होता. जादूगार ह्या नात्यानें त्या थोरल्या मुलाची हातचलाखी उत्तम होती, हें आम्ही मुद्दाम नमूद करतों.

तेव्हां शंका घेणाऱ्या प्रेक्षकास शत्रु न मानतां त्याच्या शंकेसच निरूपणाचा धागा कां करूं नये? स्पेन देशांतील जुआन तामारिस ह्या जादूगारानें १९८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत ह्याचा खोल विचार केला आहे. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, पाहणारा मनुष्य स्वस्थ बसलेला नसतो. तो मनांतल्या मनांत उलगड्याच्या वाटा शोधीत असतो, आणि त्या वाटा एकामागून एक बंद होत गेल्या तरच शेवटीं त्याला जादूच्या दारांत उभें राहावें लागतें. हा विचार आमच्या खेळास लावून पाहावा. पत्ता पहिल्यानें वर आला म्हणजे प्रेक्षक म्हणतो, “तसलेच दोन पत्ते असतील.” म्हणून पत्त्यावर त्याची सही घ्यावी, ती आरंभींच घेतली तर ही वाट उघडण्यापूर्वींच बंद होते. दुसऱ्या खेपेस तो म्हणतो, “मध्यें घातलाच नसेल.” मग पत्ता त्याच्याच हातानें मध्यें सरकवूं द्यावा, अर्धा बाहेर असतांना पुन्हां एकवार दाखवावा. तिसऱ्या खेपेस म्हणतो, “ह्याचे हात फार चपळ आहेत.” तर जोड त्याच्या तळहातावर ठेवावा व आपण एक पाऊल मागें सरावें. अशा रीतीनें केल्यास तीन खेपा ह्या एकाच गोष्टीच्या तीन आवृत्त्या राहत नाहींत. ते तीन प्रश्न व तीन उत्तरें होतात. आणि मोठा लाभ हा कीं, बोलावयाचें काय ह्याची चिंता सरते. प्रेक्षकाच्या मनांतील शंका आपण सौम्यपणें उच्चारली म्हणजे पुरे. “आपणांस वाटत असेल कीं मीं तो मध्यें घातलाच नाहीं, वाटणें साहजिक आहे, आपणच घाला.” एवढ्या वाक्यानें समोरचा मनुष्य शहाणा ठरतो, मूर्ख ठरत नाहीं. पांच युक्त्या येत असल्या तर त्यांतील दोन घरीं ठेवाव्या; ज्या शंकेस उत्तर नको आहे तें उत्तर देत बसूं नये.

आतां गोष्टीसंबंधानें. गोष्ट जोडूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. आपल्याकडे मुलांस प्रथम जो खेळ येतो तो बहुधा चार चोरांचा. चार गुलाम म्हणजे चोर, पत्त्यांचा जोड म्हणजे वाडा. चोर गच्चीवरून आंत शिरतात, एकेक मजला वांटून घेतात, शिपाई आल्याची चाहूल लागते, आणि चौघेहि गच्चीवर एकत्र सांपडतात. थोर लोक ह्या खेळास पोरकट म्हणतात. आम्हांस तो रचनेच्या दृष्टीनें पुष्कळ जाणत्यांच्या खेळांहून सरस वाटतो, कारण त्यांत पत्ता जें करतो तेंच गोष्टींत घडतें. वाडा व जोड ह्यांत भेद राहत नाहीं. कीर्तनकार बुवा हरिश्चंद्राचें आख्यान लावतात तेव्हां ती कथा श्रोत्यांपैकीं कोणास ठाऊक नसते? तरी लोक शेवटपर्यंत हलत नाहींत, कारण पूर्वरंगांत मांडलेला प्रश्न उत्तररंगांत माणसांच्या अंगावर येऊन पडलेला असतो. ह्याच्या उलट, राजा, राणी व त्यांचे वाडे यांची लांबच लांब कहाणी सांगत एकेक पत्ता टाकीत जाण्याचा जो प्रकार आहे, त्यांत पत्ते हे पोथींतील चित्रांसारखे केवळ शोभेस असतात. कहाणी पत्त्यांवांचून चालते व पत्ते कहाणीवांचून.

जुनें, अलंकारिक बोलणेंहि वर्ज्य नाहीं. अर्डनेस ह्या टोपण नांवानें १९०२ सालीं प्रसिद्ध झालेल्या पत्त्यांवरील ग्रंथांत चार राण्यांचा एक खेळ आहे, व त्याबरोबर म्हणावयाचें नटवें भाषणहि दिलेलें आहे. तो ग्रंथ मुख्यतः जुगारी लोकांच्या लबाडीचें वर्णन करणारा. पण तेंच भाषण अमेरिकन जादूगार रिकी जे ह्यानें न्यूयॉर्क येथें १९९४ सालीं सुरू केलेल्या आपल्या प्रयोगांत रंगवून म्हटलें व लोकांस तें फार रुचलें. शब्द शिळे होते, परंतु राण्या त्या शब्दांप्रमाणेंच वागत होत्या.

मग आमच्या महत्त्वाकांक्षी पत्त्यास कोणती गोष्ट द्यावी? महत्त्वाकांक्षा हा शब्दच आम्हांस थोडा परका वाटतो. आमची एक सूचना आहे. पांच-तीन-दोन हा खेळ ठाऊक नाहीं असें मराठी घर विरळा. त्यांत तीस पत्ते लागतात. एक्क्यापासून अठ्ठीपर्यंत सर्व घेतात व दोन सत्त्या. उरलेले बावीस पत्ते, त्या दुर्र्या, तिर्र्या, चौक्या, बाजूस काढून ठेवतात. उन्हाळ्याच्या सुट्टींत तिघे खेळत असतात, आणि ते बावीस पत्ते उपडे पडलेले असतात. चौथा भाऊहि बहुधा जवळच बसून पाहत असतो. जादू करणाऱ्या विद्यार्थ्यानें येथूनच आरंभ करावा. लोकांच्या समक्ष बावीस पत्ते काढून ठेवावे व म्हणावें, “हे खेळांत नाहींत.” मग प्रेक्षकास त्या टाकलेल्यांतून एक निवडूं द्यावा. समजा, किलवरची दुर्री निघाली. तिच्यावर सही घ्यावी. “हिला एकदां खेळांत घेऊन पाहूं,” म्हणून ती त्या तीस पत्त्यांत घालावी. ती वर येते. राजाच्या वर, एक्क्याच्या वर. पुन्हां आंत दडपावी. पुन्हां ती वर. येथें पाहणारास प्रथमच कोणाची तरी बाजू घ्यावीशी वाटते. पत्ता वर येतो कीं नाहीं हें आतां त्याला नुसतें कोडें राहत नाहीं. तो यावा असें त्याला वाटूं लागतें. तो वर आणतो कोण? जादूगार “मी” म्हणतच नाहीं. तोहि प्रेक्षकाइतकाच चकित होऊन दुर्रीकडे पाहतो. जादूगार म्हणजे जादूगाराची भूमिका करणारा नट होय, अशा आशयाचें जें मत फ्रेंच जादूगार रोबेर-हूदँ (१८०५–१८७१) ह्यानें नमूद करून ठेविलें आहे, त्याचा उपयोग येथें होतो. आणि ही भूमिका शाळकरी मुलास ललकारी देणाऱ्या वीराच्या भूमिकेपेक्षां कितीतरी अधिक शोभते. शिवाय तीस-एकतीस पत्त्यांचा जोड बावन्नांपेक्षां सडपातळ असल्यामुळें लहान हातांत नीट बसतो, हाहि लाभ थोडाथोडका नाहीं.

कित्येक पालकांस पत्ते म्हटले कीं जुगार दिसतो, व म्हणून मुलाच्या हातांत जोड पाहिल्याबरोबर त्यांच्या कपाळास आठी पडते. त्यांची भीति निराधार नाहीं. जत्रेंत तीन पत्ते पालथे टाकून “राणी कोठें?” म्हणून विचारणारे लोक ज्या हातचलाखीवर भोळ्या शेतकऱ्याचे पैसे काढतात, ती जादूगाराच्याच घराण्यांतील आहे. फार काय, त्यांचें निरूपणहि उत्तम असतें: शेजारीं उभा असलेला त्यांचाच सोबती दोनदां जिंकून दाखवितो, राणीचा कोपरा मुद्दाम दुमडलेला दिसतो, आणि पाहणाऱ्यास वाटतें कीं आपणांस कळलें. निरूपणाची शक्ति कोठवर जाते हें पाहावयाचें असल्यास तेथें पाहावें! भेद एवढाच कीं, जादूगार हा आधीं सांगून फसवितो व घेतलेली वस्तु परत देतो. घरीं पत्ते हातांत घेऊन बसणाऱ्या मुलानें आपल्या वडिलांस प्रथम हा दुर्रीचा खेळ करून दाखवावा, असें आम्ही सुचवितों. पैशाचा, पैजेचा, डावाचा शब्द त्यांत काढूं नये.

गतीसंबंधानें दोन शब्द. चपळाई हें भूषण आहे असें विद्यार्थ्यांस वाटतें. पत्त्यांचा पंखा, धबधबा, एका हातानें काटणें, हें सर्व ते आरंभींच दाखवून टाकतात. म्हणजे पुढें जें कांहीं घडेल तें ह्या चपळाईमुळेंच घडलें, असा पुरावा ते स्वतःच प्रेक्षकाच्या हातीं देतात. अर्जेंटिना देशांतील रेने लाव्हांद (१९२८–२०१५) ह्याचा उजवा हात वयाच्या नवव्या वर्षीं अपघातांत गेला. एकट्या डाव्या हातानें त्यानें पत्त्यांची जी कला साधिली ती पाहण्यास देशोदेशींचे जादूगार जात. तांबडे व काळे पत्ते एकाआड एक मिसळावे आणि ते आपोआप पुन्हां वेगळे व्हावे, तेल व पाणी ह्यांसारखे, हा त्याचा आवडता खेळ. प्रत्येक खेपेस तो अधिक सावकाश करी, आणि शेवटीं, याहून सावकाश करणें शक्य नाहीं, असें शांतपणें सांगे. क्षणभर थांबून, कदाचित् शक्य असेलहि, असें म्हणे. मध्यंतरीं तो पुष्कळ बोले, कथा सांगे. पण पत्ता वळतांना तो गप्प असे. आमच्या विद्यार्थ्यांचें नेमकें ह्याच्या उलट होतें. ज्या क्षणीं दुर्री वर दिसते त्या क्षणीं त्यांच्या तोंडून पुढचें वाक्य निघालेलें असतें, आणि प्रेक्षकाचा श्वास त्या वाक्याखालीं दबून जातो. तेथें मनांत तीन अंक मोजावे. हें कठीण आहे. युक्तीहून कठीण आहे.

शेवट कसा करावा ह्याविषयीं जाणत्यांत मतभेद आहेत. डॅरिल ह्या अमेरिकन जादूगारानें सबंध जोड दोरीनें बांधून टाकला व तरी पत्ता वर आणला. हॉलंडचा टॉमी वंडर (१९५३–२००६) ह्यानें तो पत्ता घडी घातलेल्या स्थितींत एका लहानशा आंगठीच्या डबींतून काढला; म्हणजे पत्ता जोडाच्या वर येण्याचें सोडून जोडाच्या बाहेरच गेला. दोन्ही शेवट सुंदर आहेत व दोन्हींस पुष्कळ वर्षांची तपश्चर्या लागते. शाळेंतील मुलानें इतकें लांब जाऊं नये. तिसऱ्या खेपेस, जोड प्रेक्षकाच्या तळहातावर असतांना, त्यानेंच वरचा पत्ता उलटावा. आपल्या सहीची दुर्री पाहावी. आणि टाळ्या थांबल्यावर ती त्यालाच देऊन टाकावी, घरीं न्यावयास. हातचा पत्ता गेला म्हणून कोणी हळहळूं नये. जोड मोडत नाहीं. पांच-तीन-दोनास लागणारे तीस पत्ते पुरे असतात.